हॅरी पॉटरचे गेम : कुठला घ्यायचा, कसा चालवायचा आणि हॉगवर्ट्स नीट कसं फिरायचं

मे महिन्याच्या सुट्टीत ताई भाचीला घेऊन आमच्याकडे ऐरोलीला आली आणि चपला काढता काढताच भाचीने विचारलं, मामा, तुझ्याकडे हॅरी पॉटरचा गेम आहे ना? नऊ वर्षांची आहे, पहिलं पुस्तक मराठीतून दोनदा वाचून झालंय, पिच्चर तर तोंडपाठ. मी हॉगवर्ट्स लेगसी लावून दिला, कारण माझ्याकडे तोच होता, आणि अर्ध्या तासात तिचा चेहरा पडला. हॅरी कुठंय? रॉन कुठंय? त्यात सबटायटल इंग्रजी, ते वाचून होईपर्यंत पुढचं वाक्य सुरू. गेम चांगलाच आहे पण तो तिच्यासाठी नव्हता, त्याची गोष्ट 1890 च्या दशकातली, म्हणजे हॅरीच्या जन्माच्या कितीतरी आधीची, हे मला माहीत होतं पण तिला आधी सांगायचं सुचलंच नाही.

त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच घरांत हेच झालेलं बघितलं. ठाण्यातल्या एका मित्राने मुलाच्या वाढदिवसाला गेम विकत घेतला आणि घरच्या लॅपटॉपवर तो उघडेचना. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय, 2001 पासूनचे गेम, कुठला कोणासाठी, मशीन कसं तपासायचं, आणि सुरू केल्यावर खेळायचं कसं.

आधी मशीन बघा, मग पैसे भरा

विंडोजवर असाल तर कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोटा डबा उघडेल, त्यात डीएक्सडायग (dxdiag) टाइप करून एंटर मारा. पहिल्याच पानावर रॅम दिसते आणि डिस्प्लेच्या टॅबमध्ये ग्राफिक्स कार्डचं नाव आणि त्याची मेमरी. दोन्ही कागदावर लिहून घ्या. लॅपटॉपमध्ये कधीकधी दोन कार्डं असतात, मग दुसऱ्याचं नाव रेंडरच्या टॅबमध्ये सापडतं.

हॉगवर्ट्स लेगसीला कमीत कमी 16 जीबी रॅम, 4 जीबीचं जीटीएक्स 960 किंवा आरएक्स 470 च्या तोडीचं कार्ड आणि 85 जीबी जागा लागते. आणि हे कमीत कमी म्हणजे खरंच कमीत कमी, 720 पी, लो सेटिंग, सेकंदाला 30 फ्रेम. 1080 पी वर हाय सेटिंग आणि 60 फ्रेम हवे असतील तर कंपनीने स्वतः जीटीएक्स 1080 टीआय आणि एसएसडी सांगितलंय. ऑफिसने दिलेला साधा लॅपटॉप असेल तर हा नाद सोडा, तुमच्यासाठी लेगो हॅरी पॉटर आहे, आणि लेगो काही कमी नाही.

8 जीबी रॅम असेल आणि कार्ड बरं असेल तर आधी फक्त रॅम वाढवा, फरक लगेच कळतो. कार्डच घ्यायचं असेल तर ठाण्याहून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड आणि स्टेशनबाहेर लॅमिंग्टन रोड, अजूनही तिथे दहा दुकानं फिरून भाव काढता येतो. सेकंडहँड कार्ड घेताना दुकानातच मशीनला लावून किमान पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून दाखवा म्हणायचं. मी एकदा घाईत न तपासता घेतलं, घरी आल्यावर दहा मिनिटांत स्क्रीन काळी. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला, ते पैसे गेले ते गेलेच.

स्टीमवरून, म्हणजे पीसीचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, घेणार असाल तर त्यांचा रिफंडचा नियम लक्षात ठेवा, घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ 2 तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मिळतात. म्हणजे गेम उघडला की पहिला अर्धा तास फक्त चालतोय का ते बघण्यात घालवा, तिथेच अडखळत असेल तर लगेच परत करा, तीन तास सेटिंगशी झगडत बसू नका.

लहान मुलं असतील तर लेगोच

लेगो हॅरी पॉटरचे दोन भाग आहेत, पहिली चार वर्षं 2010 साली आली आणि पाच ते सात 2011 मध्ये, बनवणारे ट्रॅव्हलर्स टेल्स. नंतर दोन्ही मिळून एक कलेक्शन कन्सोलवर आलं, 2016 ला पीएस 4 वर आणि 2018 ला एक्सबॉक्स वन आणि स्विचवर. जुन्या लॅपटॉपवरसुद्धा पीसीचे भाग निवांत चालतात.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी याची सगळ्यात मोठी गोष्ट अशी की यातली पात्रं बोलतच नाहीत. हूं, अं, ओह असे आवाज काढतात आणि सगळी गोष्ट हातवाऱ्यांनी सांगतात. भाषेचा अडसरच उरत नाही. भाचीला पुस्तक माहीत होतं त्यामुळे ती स्नेप आला की स्वतःच मराठीत त्याचे डायलॉग म्हणायची, आणि बाजूला बसलेली माझी आई, जिने यातलं काहीच वाचलेलं नाही, ती पण खळखळून हसायची.

खेळायचं असं. एकाने कीबोर्ड आणि दुसऱ्याने कंट्रोलर घ्या, दुसरा माणूस मध्येच येऊ शकतो आणि मध्येच उठून जाऊ शकतो, जेवायला हाक आली तरी पहिल्याचं अडत नाही. दोघं लांब गेले की स्क्रीन आपोआप दुभागते, पहिल्यांदा मुलं गोंधळतात, दहा मिनिटांत सवय होते. पहिल्या फेरीत सगळं गोळा करायच्या मागे लागू नका, बऱ्याच जागा अशा आहेत की तिथलं कुलूप उघडणारा मंत्र किंवा पात्र तुमच्याकडे तेव्हा नसतंच. लेव्हल एकदा पूर्ण झाली की ती फ्री प्लेमध्ये परत उघडते, तेव्हा हवं ते पात्र घेऊन राहिलेलं गोळा करायचं. हे मुलांना आधीच सांगून ठेवा नाहीतर एका दरवाज्यापाशी तासभर मंत्र मारत बसतात.

लाल विटा दिसल्या की सोडू नका. पहिल्या भागात वीट सापडली की डायगन अ‍ॅलीमधल्या घुबडांच्या दुकानात, ईलॉप्समध्ये, ती विकत मिळते, आणि त्यातली नाणी दुप्पट-चौपट करणारी वीट सगळ्यात आधी घ्या, पुढची सगळी खरेदी तिच्या जोरावर होते.

जुन्या डिस्का, म्हणजे आपल्या लहानपणचे गेम

तिशी-पस्तिशीतल्या लोकांना खरं हेच हवे असतात. पहिला गेम 2001 चा, दुसरा 2002, तिसरा 2004, चौथा 2005, पाचवा 2007, सहावा 2009, आणि सातव्याचे दोन भाग 2010 आणि 2011 मध्ये. सगळे ईए या कंपनीने काढलेले. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, एकाच नावाचा गेम प्रत्येक मशीनवर वेगळा होता, नुसतं चित्र कमीजास्त असं नाही, बनवणारी कंपनीच वेगळी. पीसीवरचे पहिले तीन नोवंडर नावाच्या स्टुडिओचे, प्लेस्टेशन 1 वरचे पहिले दोन आर्गोनॉटचे, आणि गेम बॉय कलरवर तर पहिला भाग चक्क पाळीपाळीने लढायचा आरपीजी, म्हणजे पात्राची ताकद वाढवत न्यायचा गेम होता. त्यामुळे मित्र म्हणाला की दुसऱ्या भागात झाडू घेऊन बाहेर मोकळं उडता येतं आणि तुम्हाला ते आठवत नसेल, तर तो बहुतेक पीएस 2 वर खेळला होता आणि तुम्ही सायबर कॅफेत पीसीवर.

सगळे शोधत बसू नका. माझं मत सरळ आहे, पीसीवरचा पहिला आणि दुसरा, आणि मग एकदम पाचवा. पहिल्यात मंत्र शिकताना प्रत्येकाचा आकार माउसने गिरवावा लागतो, खाऊच्या गोळ्या गोळा करून फ्रेड आणि जॉर्जकडून कार्डं घ्यायची, आणि जेरेमी सोलचं संगीत वाजलं की आजही अंगावर काटा येतो. पाचव्यात पिच्चरच्या सेटवरून उभा केलेला जवळजवळ अख्खा वाडा मोकळा फिरता येतो, नकाशात ठिकाण निवडलं की जमिनीवर पावलं उमटत तुम्हाला वाट दाखवतात. सातव्याचे दोन्ही भाग म्हणजे आडोशाला लपून मंत्रांच्या गोळ्या झाडायच्या, त्यात वाडा हरवला, मला ते कधीच आवडले नाहीत.

हे जुने गेम स्टीमवर विकत मिळत नाहीत, त्यामुळे जुनी डिस्कच शोधायची, ओळखीत विचारा, माळ्यावर बघा, सेकंडहँड साइटवर बघा. फुकट डाउनलोडच्या भानगडीत पडू नका, एका शेजाऱ्याने असंच कुठून तरी उतरवलं आणि अख्खं मशीन फॉरमॅट करावं लागलं, मुलीच्या बारशाचे फोटो त्यात गेले.

डिस्क मिळाली की पहिली अडचण सेफडिस्कची. त्या काळच्या बऱ्याच डिस्कांवर हे कॉपी रोखणारं कुलूप असायचं आणि विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी त्याचा आधारच काढून टाकला. डिस्क टाकली, इन्स्टॉल झालं, आणि आयकॉनवर क्लिक केलं की काहीच होत नाही, असं झालं तर बहुतेक हेच कारण. सगळ्यात बिनकटकटीचा उपाय म्हणजे घरात पडलेला जुना विंडोज एक्सपीचा डबा साफ करून वापरणं, फक्त त्याला इंटरनेट जोडू नका, एक्सपीला आता सुरक्षेचे अपडेट येत नाहीत.

नवीन मशीनवर गेम उघडतोय पण चित्र फाटतंय किंवा रंग विचित्र दिसताहेत, तर डीजीवूडू 2 नावाचं फुकट टूल आहे, ते जुन्या डायरेक्टएक्सची भाषा नवीन कार्डाला समजेल अशी करतं. त्याच्या फोल्डरमध्ये एमएस आणि त्यात एक्स 86 असं फोल्डर आहे, तिथल्या डीएलएल फाइली गेमची एक्सई फाइल जिथे आहे तिथे कॉपी करा, सोबत त्याचं कंट्रोल पॅनलही ठेवा आणि तिथून रिझोल्यूशन आणि फ्रेमची मर्यादा लावा. मर्यादा 60 वर ठेवाच, हे गेम आजच्या वेगाच्या मशीनसाठी बनलेले नाहीत आणि फ्रेम शेकड्याने पळायला लागल्या की हालचाली बिघडतात.

पहिल्या दोन गेममध्ये स्क्रीनचं माप मेनूत हवं तसं मिळत नाही. डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचं फोल्डर असतं, त्यातली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडा, आधी तिची एक कॉपी बाजूला ठेवा, मग फुलस्क्रीनव्ह्यूपोर्टएक्स (FullscreenViewportX) आणि वाय या दोन ओळी शोधून तिथे 1920 आणि 1080 टाका. गेम बंद असतानाच बदला, चालू असताना बदललंत तर बाहेर पडताना तो जुनेच आकडे परत लिहितो.

मोबाइलवाल्यांसाठी पटकन, हॉगवर्ट्स मिस्ट्री 2018 पासून आहे, फुकट आहे, पण यात एनर्जी संपली की थांबावं लागतं नाहीतर पैसे मोजा असं असतं, मुलाच्या हातात देण्याआधी खरेदीला पासवर्ड लावाच. विझार्ड्स युनाइट शोधू नका, तो जानेवारी 2022 अखेर बंद झाला. आणि क्विडिचच खेळायचं असेल तर 2024 चा क्विडिच चॅम्पियन्स वेगळा घ्यावा लागेल, लेगसीत क्विडिच नाही.

हॉगवर्ट्स लेगसी, इथे मात्र सावकाश

हा फेब्रुवारी 2023 मध्ये पीसी, पीएस 5 आणि नवीन एक्सबॉक्सवर आला, त्याच वर्षी नंतर पीएस 4, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर. एकट्याने खेळायचा आहे, दोघांचा नाही. युरोपच्या रेटिंगमध्ये 12 च्या पुढच्यांसाठी आहे आणि ते बरोबरच आहे, मारामारी आहे, मोठाले कोळी आहेत. कोळ्यांची भीती वाटत असेल तर सेटिंगमध्ये त्यांचं रूप बदलायची सोय आहे.

85 जीबी म्हणजे 50 एमबीपीएसच्या लाइनवर पूर्ण वेगाने पावणेचार तास, 100 वर साधारण दोन तास, म्हणून रात्री लावून झोपा. पहिल्यांदा उघडल्यावर शेडर तयार होतायत अशी पट्टी येते, ती पूर्ण होऊ द्या. चालताना अडखळत असेल तर आधी सावल्या आणि रे ट्रेसिंग कमी करा, मग कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स असेल तर डीएलएसएस, नसेल तर एफएसआर लावा, दोन्ही चित्र कमी मापात काढून मोठं करतात आणि वेग वाढवतात.

सुरुवातीला अवघडपणाच्या चार पायऱ्या आहेत, स्टोरी, ईझी, नॉर्मल, हार्ड, कधीही बदलता येतात, तेव्हा नवख्याने ईझीवर सुरू करण्यात काहीच कमीपणा नाही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. हा गेम गडावर जातो तसा खेळा. राजगडावर काही लोक धावत बालेकिल्ल्यावर जातात, फोटो काढतात आणि उतरतात, आणि काही लोक संजीवनी माची, चोरदरवाजे, पाण्याची टाकी बघत दिवस काढतात. इथेही तसंच आहे, आणि इथे घाई केलीत तर खरोखर काहीतरी कायमचं हातचं जातं, कारण ऋतू मुख्य गोष्टीबरोबर पुढे सरकतात. शरद ऋतूत वाड्यात भोपळे टांगलेले असतात, पुढे बर्फ आणि नाताळची सजावट येते, आणि मुख्य मोहीम पुढे नेलीत की मागचा ऋतू त्या खेळात परत येत नाही. माझ्या पहिल्या फेरीत मी नुसता पळत होतो, बर्फातलं हॉग्समीड गाव कधी आलं आणि कधी गेलं कळलंच नाही. दुसऱ्या वेळेस प्रत्येक ऋतूत मुख्य मोहीम थांबवली आणि वाड्याचा एक एक भाग वरपासून खालपर्यंत फिरलो.

फिरताना सेटिंगमधून मिनीमॅप बंद करा. तो कोपऱ्यातला गोल चालू असला की डोळे तिथेच राहतात, वर छताकडे कोणी बघतच नाही. आणि दर खोलीत शिरलं की रेव्हेलिओ मारा, लपलेली पानं, पेट्या, हलणारी चित्रं निळी चमकतात. हिरव्या फ्लू ज्वाळांजवळून एकदा गेलात की त्या उघडतात आणि मग तिथे थेट उडी मारता येते, पण त्यांचा वापर बाहेरच्या लांब अंतरासाठी ठेवा, वाड्यात जिन्यांनीच चढा.

आता मोहिमांचा क्रम. प्रोफेसर देतात ती असाइनमेंट सगळ्यात आधी उरका, कारण मंत्र तिथूनच मिळतात, शार्प सरांच्या पहिल्या असाइनमेंटमधून डिपल्सो, दुसऱ्यातून डिफिंडो, गार्लिक बाईंच्या दुसऱ्यातून फ्लिपेंडो. उडण्याचा तास झाला की हॉग्समीडमध्ये स्पिनट्विचेसमधून 600 गॅलिअनला झाडू घ्या, तोवर कपडे, टोप्या विकत घेण्यात पैसे घालवू नका, ते पेट्यांतून ढिगाने मिळतात. पैसे कमी पडले तर नको असलेले कपडे कुठल्याही दुकानात विका, आणि पुढे जादुई प्राणी पकडायला मिळाले की ब्रूड अँड पेकमध्ये प्रत्येकी 120 मिळतात.

पिशवी भरली ही सगळ्यांचीच तक्रार असते. सुरुवातीला 20 च जागा असतात. उपाय म्हणजे मर्लिनच्या चाचण्या, नकाशावर 95 आहेत, प्रत्येकीला थोडी मॅलोस्वीटची पानं लागतात, म्हणून ती कुंडीत लावून ठेवा. ठरावीक चाचण्या झाल्या की चॅलेंजच्या पानावर जाऊन बक्षीस स्वतः घ्यावं लागतं, आपोआप मिळत नाही, माझ्या दोन मित्रांनी वीसेक चाचण्या करूनही ते बटण दाबलेलंच नव्हतं. शेवटी 40 जागा होतात.

लढाईत रंग ओळखायला शिका, बाकी सगळं त्यावर आहे. शत्रूभोवती पिवळं कवच असेल तर पिवळे मंत्र, म्हणजे लेव्हिओसो, ग्लेशिअस. जांभळं असेल तर अ‍ॅक्सिओ, डिपल्सो, फ्लिपेंडो. लाल असेल तर इन्सेंडिओ, कॉन्फ्रिंगो, डिफिंडो. एका वेळी हाताशी चारच मंत्र राहतात, म्हणून तीन रंगांचा प्रत्येकी एक आणि चौथा तुमच्या आवडीचा ठेवा. प्रोटेगोचं, म्हणजे ढालीच्या मंत्राचं, बटण दाबूनच धरलंत तर अडवल्यावर लगेच स्टुपेफाय हा उलटा वार सुटतो, पण डोक्यावर लाल कडं दिसलं तर ते अडवता येत नाही, तिथे बाजूला लोळायचंच. आणि झाडं विसरू नका, मँड्रेक किंवा चावरा कोबी फेकला की ट्रोलसारखा दांडगाही बराच वेळ गुंतून राहतो.

टॅलेंटचे पॉइंट सगळं घेण्याइतके मिळत नाहीत. पहिले पॉइंट मंत्रांचे जास्तीचे संच उघडण्यात आणि साध्या वाराने बाकी मंत्र लवकर तयार होतात त्या टॅलेंटमध्ये घाला. चुकलं तरी हरकत नाही, जून 2024 च्या अपडेटपासून ते परत वाटून घेता येतात.

कुलुपं उघडायची असतील तर केअरटेकर मूनची मोहीम लवकर करा, ॲलोहोमोरा तिथे मिळतो. पुढच्या पातळीसाठी डेमिगाइजच्या छोट्या मूर्ती लागतात, आधी 9, मग 13, आणि त्या फक्त रात्रीच उचलता येतात. दिवसा दिसली तर नकाशा उघडून वेळ पुढे करायचं बटण दाबा, लगेच रात्र होते.

सेव्ह आपोआप होतं पण त्यावर विसंबू नका. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट गेली आणि एक लांबलचक गुहा पूर्ण परत करावी लागली, तेव्हापासून दर मोठ्या लढाईआधी हाताने सेव्ह करतो.

भाची आता दिवाळीच्या सुट्टीत येणार आहे. लेगोचा पहिला भाग तिचा संपलाय, दुसरा मी घेऊन ठेवलाय. तिने फोनवर बजावलंय की सोसायटीत यंदा मातीचा किल्ला हॉगवर्ट्सचा करायचा, म्हणून मी रोज रात्री लेगसीत झाडूवर बसून चारी बाजूंनी फोटो मोडमध्ये वाड्याचे फोटो काढतोय, बुरूज किती, पूल कुठून कुठे, तळं कुठल्या अंगाला. पूर्वेकडचा एक मनोरा अजून नीट सापडलेला नाही.